पांढरी मुळं

१९ डिसेंबर
टाकीतलं पाणी २७ अंश. क्लोरीन एक माप. मुळं पांढरी, अजून तरी.

वही टाकीच्या नोंदींची आहे, पण आज मागच्या पानावर लिहितेय. पुढच्या पानांवर वाल्दिरची नजर जाते आणि नवऱ्याला माझ्या मनातलं वाचायला देण्याइतकी मी खुळी झालेले नाही.

आज जेवताना तो म्हणाला, "नेउझा, दोन उन्हाळे मुळं सडली. हा तिसरा आता डिसेंबरात सुरू झालाय. हाही गेला तर मार्चमध्ये शेडचं प्लास्टिक उतरवायचं आणि साओ पाउलोला जायचं. भाऊ मला ट्रकवर घेतोय." आई भाताची वाटी तोंडाशी धरून ऐकत होती. तिने बोलायला हवं होतं, शेड बाबांनी बांधलेली आहे.

माझं लेट्यूस पाण्यावर वाढतं. माती नाही, म्हणून घाण नाही. टाकीतून नळ्यांत, नळ्यांतून परत टाकीत, तेच पाणी फिरत राहतं. म्हणूनच एक मूळ सडलं की तेच पाणी सगळ्यांच्या तोंडी लागतं. यावर उपाय एकच, स्वच्छता. मी रोज क्लोरीन घालते, नळ्या ब्रशने घासते, शेडमध्ये येणाऱ्याला चपला बदलायला लावते.

आणि जाळीपलीकडच्या शेडमध्ये माझी धाकटी बहीण इवोने काय करते? टाकीत जंतू सोडते! पाकिटातून विकत आणते, निळ्या ड्रममध्ये उसाच्या काकवीवर पोसते आणि रोज पाण्यात ओतते. त्या ड्रमला गाईच्या गोठ्यासारखा वास येतो. तिचं लेट्यूस दोन्ही उन्हाळे जगलं. लोक म्हणतात, जंतूंमुळे. मी म्हणते, नशीब. तिचं नशीब जन्मापासून तसंच आहे.

२ जानेवारी
पाणी २८ अंश. क्लोरीन एक माप.

काल नव्या वर्षाचं जेवण इवोनेकडे. तांदळाचे मोची लाडू, सूप, वर वाल्दिरसाठी भाजलेलं डुकराचं मांस. आणि मधोमध ती बरणी.

बरणीबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे पोटदुखी थोडी कमी होईल. आजीने जपानहून येताना तांदळाचा आंबवलेला कोंडा आणला होता. त्यात काकडी, मुळा पुरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी काढून खायचा. कोंडा जिवंत असतो, रोज हात घालून खालीवर करावा लागतो. चमचा चालत नाही, हातच हवा. आजीने केलं, मग आईने पन्नास वर्षं केलं. थोरली मी, तेव्हा बरणी माझ्याकडे यायला हवी होती. आईने आधी मला वाडगाभर कोंडा दिला, "सांभाळून दाखव" म्हणाली. तीन आठवड्यांत तो काळा पडून मेला. आईने माझे हात हुंगले, उलटेसुलटे, आणि बरणी इवोनेला दिली. चार वर्षं झाली त्याला.

काल इवोने सगळ्यांसमोर बाही वर करून बरणीत हात घालत होती, आणि आई तिच्याकडे अशी बघत होती की मला समोरचा घास गोड लागेना.

"ताई, काकडी घे ना," इवोने म्हणाली.

"मला खारट चालत नाही," मी म्हटलं. खोटं. तीन फोडी घ्याव्यात अशी होती.

परत येताना आई सोयासॉसची बाटली पदराआड धरून चालली होती, रिकामी असणार. म्हणजे आमच्या घरातला चांगला सोयासॉस ती इवोनेला नेऊन देते! आई राहते माझ्याकडे, तिची औषधं मी आणते, आणि बाटल्या भरून जातात तिकडे. तिचा पदर म्हणजे तो जुना निळा एप्रन, पण त्याआड काय काय लपतं!

११ जानेवारी
पाणी २९ अंश. क्लोरीन दोन मापं.

क्लोरीन अलीकडे मिळमिळीत येतंय. पूर्वी डबा उघडला की डोळ्यांत पाणी यायचं, आता नाक खुपसलं तरी काही नाही. दुकानदार आबिलियो भेसळ करत असणार. मी माप दुप्पट केलं.

आई पहाटे माझ्याआधी शेडमध्ये असते. टाकीशी उभी असते, मी आले की झाकण लावून बाजूला होते. म्हातारपणी झोप राहत नाही. मी म्हटलं, "आई, ओल्या फरशीवर घसरशील." म्हणाली, "पाण्याचा आवाज बरा वाटतो."

बाकी तिचा उत्साह वाढलाय. घरातली फडकी, पडदे, वाल्दिरचे बनियन, सगळं धुऊन काढलं. दोरीवर बघवत नाही इतकं पांढरंशुभ्र.

१७ जानेवारी
आज आईशी भांडले.

दुपारी ती इवोनेच्या शेडमधून आली. हात धरून खुर्चीत बसवताना गोड वास आला. काकवीचा! आईला मधुमेह आहे. तिचं जेवण मी मोजून करते, कॉफीत साखरेचा दाणा पडू देत नाही, आणि ही धाकटी तिला काकवी चारतेय. अशानेच माणूस लाडकं होतं! पथ्य मी सांभाळायचं आणि वाईट व्हायचं, गोड तिने द्यायचं आणि चांगलं व्हायचं.

"काय खाल्लंस तिकडे?"

"काही नाही."

"हाताला वास कसला?"

आईने हाताकडे पाहिलं, एप्रनला पुसला. "तुझं नाक फार तिखट आहे, नेउझा. फक्त भलत्याच ठिकाणी असतं."

दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरतंय. ऐंशी वर्षांची बाई, पण टोमणा मारायला दात लागत नाहीत.

२६ जानेवारी
पाणी ३० अंश. क्लोरीन तीन मापं. मुळं पांढरी.

कृषी खात्याचा तार्सिझियो आला होता. आधी इवोनेकडे तासभर. तिच्या हसण्याचा आवाज जाळीतून येत होता. मग इकडे. चपला बदलायला लावल्या त्याला.

"दोना नेउझा, तुम्ही अजून क्लोरीनच घालता?" त्याने एक रोप उपटून मुळं उजेडात धरली. मुळं पांढरी, दाट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. तो बघतच राहिला. "या उष्णतेत? जंतूंशिवाय?"

"स्वच्छतेवर," मी म्हटलं. "तुमच्या त्या पाहुण्यांना माझ्या शेडमध्ये प्रवेश नाही."

काय सुख वाटलं म्हणून सांगू!

मी त्याला सरळच विचारलं, "खरं सांगा, त्या जंतूंनी काही होतं का? का पाकिटं विकायचा धंदा?"

त्याने डोकं खाजवलं. हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला नाही, तेवढं खरं. "होतंही आणि नाहीही," म्हणाला. "थंडीत नळ्यांची दोन टेबलं शेजारी ठेवा, एकात जंतू, एकात नाही, मला फरक सापडत नाही. पण पाणी तापलं की सडवणारी बुरशी पोहत येते, तेव्हा चांगल्या जंतूंनी मुळावर आधीच बिऱ्हाड केलेलं असेल तर तिला जागा मिळत नाही. हे झालं चांगलं. आता वाईट. काकवी जास्त पडली तर तेच जंतू माजतात, पाण्यातली हवा पितात आणि रोप गुदमरतं. इवोनेने पहिल्या वर्षी दोन टेबलं तशीच घालवली होती."

हे मला ठाऊक नव्हतं. दोन टेबलं! आणि बोलली नाही कधी. मी नोंद करून ठेवलीय.

"तुमच्याकडे काय चाललंय ते मला कळत नाही," म्हणत त्याने माझ्या आणि तिच्या, दोघींच्या मुळांचे तुकडे प्रयोगशाळेसाठी पिशवीत घातले. जाताना आईला वाकून म्हणाला, "बाच्चान, आजी, तुमच्या दोन्ही मुली हुशार." आई म्हणाली, "एक हुशार आहे, एक हट्टी." कोण कोणती ते त्याने विचारलं नाही. मीही नाही.

८ फेब्रुवारी
पाणी ३१ अंश! बाहेर ३६. क्लोरीन चार मापं. मुळं पांढरी!

रस्त्यापलीकडच्या दोन शेड मुळं सडून बसल्या. माझी उभी आहे. वाल्दिर आज बाजारातून आला तो शीळ घालत. क्रेटमागे ज्यादा दर मिळाला, कारण माल कुणाकडेच नाही. म्हणाला, "बायको, तुझ्या ब्रशचा विजय असो." साओ पाउलोचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम जाळीपाशी उभी राहून नळी घासली. इवोनेने विचारलं, "ताई, मुळं कशी आहेत?" मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ये, बघून जा." ती आली नाही. नुसती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. जिंकलेल्या माणसाकडे हरलेल्याने असं बघू नये.

१४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेचा कागद आला. तार्सिझियो स्वतः घेऊन आला.

माझ्या मुळांवर जंतू आहेत. इवोनेचेच. एकाच पाकिटातले म्हणावेत इतके सारखे.

"कसे काय?" त्याने विचारलं. तो म्हणाला, जाळीतून शिंतोडे आले असतील, किंवा कुणाच्या हातांवरून. पण एवढे? आणि रोजच्या क्लोरीनमध्ये? तो मान हलवत गेला.

मला मात्र लगेच कळलं. इवोने! मी नसताना येऊन टाकीत ओतते. म्हणजे उद्या सगळ्यांना सांगता येईल, नेउझाचं लेट्यूस माझ्यामुळे जगलं. म्हणून ते हसणं! माझी बरणी घेतली, माझी आई घेतली, आता माझा एकुलता एक उन्हाळाही तिलाच हवा.

मी रडले. क्रेट धुण्याच्या हौदाशी उभी राहून, नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये.

१५ फेब्रुवारी
लिहू की नको. लिहिते. वहीशीही खोटं बोलले तर खरं कुठे बोलणार?

इवोने दुपारी शाळांना माल द्यायला गेली. मी क्लोरीनचा डबा उचलला, आठ-नऊ लिटर शिल्लक होतं. मिळमिळीत असलं तरी एवढं म्हणजे काही थोडं नाही. जाळीची कडी काढली, तिच्या निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. आत तपकिरी फेस, बारीक बुडबुडे, काकवीचा वास. आईच्या हाताला येतो तोच.

तळाशी ओंजळभर राहीपर्यंत सगळा डबा ओतला.

ओतताना बरं वाटलं. खाज सुटलेली जागा रक्त येईपर्यंत खाजवावी तसं. घरी येऊन आईला सांगितलं, "उद्यापासून तिकडे जायचं नाही. पहाटे शेडमध्येही यायचं नाही. आणि ती बाटली दे इकडे." आईने माझ्याकडे पाहिलं. बाटली दिली. मी ती कचऱ्यात टाकली.

१८ फेब्रुवारी
काही झालं नाही.

तीन दिवस मी जाळीपाशी घुटमळतेय. ड्रम तसाच फसफसतोय. इवोने गाणं गुणगुणत त्यातून प्लास्टिकचा मग भरते आणि टाकीत ओतते. एकदा म्हणाली, "ताई, ड्रम काठोकाठ कसा भरला गं? पत्रा गळतोय वाटतं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मी म्हटलं, "असेल." आणि पळाले.

डबाभर क्लोरीन पिऊनही तिचे जंतू मरत नाहीत. देवसुद्धा तिच्याच बाजूचा.

नाही, देव कशाला, आबिलियोच चोर. मी आजच नवा डबा आणला. उघडताच डोळे झोंबले, ठसका लागला. याला म्हणतात माल! माझ्या टाकीत घातला. चार मापं, सवयीने.

२१ फेब्रुवारी
पाणी ३१. मुळांची टोकं तपकिरी. पानांच्या कडा भाजल्यासारख्या.

२३ फेब्रुवारी
पाच टेबलांपैकी तीन गेली. मुळं हाताला बुळबुळीत लागतात, ओढली की साल सुटून येते. सडका वास. दोन वर्षांपूर्वीचा तोच वास, मी तो झोपेतही ओळखेन.

वाल्दिरने एक रोप हातात घेतलं, ठेवलं. "मार्च," एवढंच म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इवोने जाळीशी आली. "ताई, क्लोरीन थांबव. ऐक माझं. मी देते ते घाल."

"तू दिलेलंच भोवलंय मला," मी ओरडले. तिला काही कळलं नाही. किंवा कळलं, पण तिने दाखवलं नाही.

२४ फेब्रुवारी
दोन्ही डबे घेऊन आबिलियोच्या दुकानात गेले. सोक्षमोक्ष लावायचाच होता. "एक डबा मेलेला देता, दुसरा जाळणारा देता. माझी तीन टेबलं गेली. भरून कोण देणार?"

आबिलियो सत्तरीचा, पोहण्याच्या तलावांना औषधं विकणारा माणूस. त्याने शांतपणे कागदाची पट्टी काढली, नव्या डब्यात बुडवली. गर्द जांभळी झाली. "हे बरोबर आहे." मग जुन्या डब्यातल्या ओंजळभर पाण्यात दुसरी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली. पुन्हा एक. पांढरी. मग त्याने चक्क बोट बुडवून जिभेला लावलं.

"अहो, काय करताय!"

"दोना नेउझा, हे पाणी आहे. आणि माझ्याकडचं नाही. लोखंडाची चव आहे याला. तुमच्या टेकडीवरच्या विहिरीचं आहे हे." त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "घरात कुणीतरी बदललंय."

दुकानात आणखी दोघं होते. मी त्यांच्याकडे न बघता बाहेर आले. घराकडच्या वळणावर मला आमची दोरी दिसली. दोरीवर फडकी वाळत होती, पांढरीशुभ्र. तिथेच मी गाडी थांबवली. बराच वेळ थांबवूनच ठेवली.

त्याच रात्री
आई सैपाकघरात मुळा चिरत होती. मी जुना डबा तिच्यासमोर ठेवला.

"कधीपासून?"

सुरी थांबली नाही. "वाल्दिर जाईन म्हणाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज थोडं काढायचं, थोडं पाणी भरायचं. इवोनेकडून बाटली आणायची, पहाटे अर्धी वाटी टाकीत."

"इवोनेला माहीत होतं?"

"देत तीच होती."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

टाकी तीनदा धुतली असती. काखेत कळसा होता माझ्या, आणि मी गावभर वळसे घेत होते.

"काढलेलं क्लोरीन कुठे टाकलंस?"

"टाकते कशाला? फडकी धुतली. चांगलं होतं."

मला हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच रडू झालं. मी म्हटलं, "आई, मी हा डबा इवोनेच्या ड्रममध्ये ओतला होता. मारायला."

"ठाऊक आहे. दारातून बघितलं मी."

"बघितलंस? मग अडवलं का नाहीस?"

"पाण्याला काय अडवायचं?" तिने मुळ्याच्या फोडी वाटीत सरकवल्या. मग सुरी खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आणि अडवलं असतं तर मी बघितलं हे तुला कळलं असतं. मग तू माझ्यासमोर जेवायला कशी बसली असतीस?"

नऊ दिवस ती माझ्यासमोर बसून जेवतेय. वाढ म्हणतेय, पुरे म्हणतेय.

आणि मी हिशेब लावत होते, आई कुणाच्या घरी किती वेळ बसते.

२५ फेब्रुवारी
सकाळी कचऱ्याचा ढीग उपसून सोयासॉसची बाटली शोधली. धुतली, साध्या पाण्याने. इवोनेकडे गेले.

ती ड्रमपाशी होती. माझ्या हातातली बाटली बघून तिचा चेहरा असा खुलला की आणखीच जड गेलं. "आलीस! दे, भरते."

"थांब," मी म्हटलं. "ड्रम काठोकाठ भरला होता ना. तो पत्रा गळत नाही. मी ओतलं होतं. माझा क्लोरीनचा डबा." मग घाईने म्हटलं, "पाणीच होतं त्यात. आईने बदललेलं."

इवोनेने ड्रमातल्या फेसाकडे पाहिलं.

"ओतताना तुला माहीत होतं, पाणी आहे ते?"

"नाही."

तिने मान हलवली. हो, नाही, काहीच नव्हतं त्या हलवण्यात. मग माझ्या हातातून बाटली घेतली, मगाने भरली, बाहेरून पुसली, झाकण घट्ट लावलं.

"टाकी रिकामी कर, साधं पाणी दोनदा फिरव. मग रोज अर्धी वाटी, जास्त नाही." मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मला वाटायचं, तू फक्त बरणीवर रागावलीस."

"सगळ्यावरच," मी म्हटलं.

"मी पहिल्या वर्षी दोन टेबलं घालवली ना, तेव्हा तीन दिवस तुझ्या शेडकडे बघून रडत होते. तुझं सगळं चकचकीत. तुला वाटतं, तूच एकटी जळतेस?" तिने हातातला मग ड्रमात आपटला. "रोज बाटली घ्यायला तूच यायचीस. आईला पाठवायची नाही. फरशी ओली असते."

८ मार्च
पाणी २६ अंश. जंतू अर्धी वाटी. क्लोरीन नाही.

दोन टेबलं वाचली. तिसऱ्यावर नवी रोपं लावली, त्यांची मुळं पांढरी आहेत. जंतूंमुळे, की उन्हं उतरल्यामुळे, कोण सांगणार? तार्सिझियो म्हणतो, दोन्ही. वाल्दिर काल शिडी लावून वर चढला, मी ती धरून खाली उभी. त्याने प्लास्टिक मोजलं आणि ओरडला, "बारा मीटर नवं लागेल. इथे फाटलंय." उतरवायचं नाही, बदलायचं.

इवोनेकडे रोज जाते. ती बाटली भरून देते, कामापुरतं बोलते. परवा बाटलीशेजारी झाकलेला एक वाडगा होता. उघडला तर बरणीतला कोंडा. मी तिच्याकडे पाहिलं, ती नळ्या तपासत राहिली.

घरी आईने माझे हात हातात घेतले. हुंगले, उलटेसुलटे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग म्हणाली, "वास गेला. घाल." कोंडा ओला, थंड, आणि खाली तळाशी किंचित कोमट. मी एक काकडी पुरली.

आज ती काढली, चिरली, आईपुढे ठेवली. तिने एक फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. मला विचारायचं होतं, इवोनेच्यापेक्षा चांगली आहे का. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

"क्लोरीन लागत नाही," आई म्हणाली आणि दुसरी फोड उचलली.